पोटवाली, कंबरवाली आणि माझी भुवई

तरुणपणी मी एक नवा रेणू शोधला होता, आणि तो माझ्याच डोक्यावर निघाला.

हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात ही गोष्ट पाहुण्यांना चहाबरोबर वाढली जाते आणि दर वेळी तिच्यात कोणीतरी आपल्या पदरचा मसाला घालतं. निदान एकदा तरी ती माझ्या हातची असू दे.

तेव्हा मी घाटकोपरला माहेरी राहत होते आणि पीएचडी करत होते. गुडघ्याला टेकणारी वेणी, सुती साडी, वर पांढरा कोट, आणि चेहऱ्यावर असा भाव, की विश्वाची गुपितं माझ्यासाठी रांग लावून उभी आहेत. विषय रेणूंच्या थरथरण्याचा. रेणूतले अणू कधी गप्प बसत नाहीत, आपापल्या लयीत हलत असतात. त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडला, की ज्याची लय जुळते तेवढा प्रकाश ते गिळून टाकतात. यंत्राची लेखणी कागदावर रेघ ओढत जाते आणि जिथे प्रकाश गिळला गेला तिथे रेघ दरीत उतरते. कुठली दरी कुठे आहे, यावरून आत कोण बसलंय ते ओळखायचं. पदार्थाची चिमूट एका खास मिठात खलायची, दाबयंत्रात घालून तिची पातळ, काचेसारखी वडी करायची आणि ती प्रकाशाच्या वाटेत ठेवायची. वडी चिमट्यानेच उचलायची, बोट लावायचं नाही, हे सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण मी हुशार होते ना! हुशार माणसांना चिमटा कशाला?

तर माझ्या आलेखात एक नवी दरी यायला लागली. नेहमीच्या दऱ्यांपासून वेगळी, सुबक. आणि गंमत म्हणजे ती फक्त सोमवारी यायची. मंगळवारी दुपारपर्यंत गायब. मी यावर सिद्धांतसुद्धा रचला: शनिवार-रविवार बाटलीत शांत पडून राहिल्यामुळे रेणू आपला आकार बदलत असावा. म्हणजे माझ्या रेणूला रविवारची सुट्टी लागत होती. घरी सांगितलं. वडिलांनी चाळीच्या अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले.

सरांना आलेख दाखवला. त्यांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्या केसांकडे.

"डोक्याला तेल कुठलं लावतेस?"

"घरचं असतं, सर. गावाहून येतं. काकांचा घाणा आहे."

"रोज?"

"नाही सर. रविवारी संध्याकाळी आई थापते. आमच्याकडे सोमवारी न्हायचं नसतं, म्हणून मंगळवारी धुते."

"छान. उद्या बाटलीत थोडं आण."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोऱ्या मिठाच्या वडीवर काकांच्या घाण्याचा एक ठिपका टेकवला आणि यंत्र चालू केलं. लेखणी सरसर गेली आणि माझ्या दरीत उतरली. तीच जागा, तोच उतार. कपाळावरची बट मागे सारायची आणि त्याच बोटांनी वडी उचलायची, ही माझी सवय. सर म्हणाले, "रेणू खरा आहे गं. फक्त तो नारळाच्या झाडावर वाढतो."

चहाबरोबर वाढतात ती गोष्ट इथे संपते. पुढे मी पीएचडी पूर्ण केली, चिमटा धरायला शिकले, लग्न करून मुलुंडला आले आणि निवृत्त होईपर्यंत कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं.

नवरा रेल्वेतला. जावई रेल्वेत आहे म्हणजे पास मिळेल, एवढाच विचार माझ्या आईने केला होता. हे निघाले संशोधनातले. डब्याच्या जमिनीवर यंत्रं ठेवून डबा किती डुलतो, चाकं रुळांवर कशी नागमोडी जातात, कुठल्या वेगाला हे डुलणं हाताबाहेर जातं, ते मोजायचं. रेल्वेचं चाक सरळसोट गोल नसतं, त्याला आतून बाहेर हलकासा उतार असतो, आणि त्या उतारामुळेच गाडी जरा बाजूला सरकली तरी आपली आपण मधोमध येते, हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं. स्वयंपाकघरात. यांनी दोन स्टीलचे पेले तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीने जोडले, पडद्याच्या दोन दांड्या उतरत्या ठेवल्या आणि पेल्यांची जोडी वरून सोडली. ती थोडी डावीकडे गेली, थोडी उजवीकडे, आणि सावरत सावरत खालपर्यंत पोचली. मग तेच पेले बुडाला बूड लावून जोडले, म्हणजे मध्ये बारीक आणि कडेला रुंद. ती जोडी वीतभर गेली आणि फरशीवर आपटली. पेल्याला पोचा आला. सासूबाई आतून म्हणाल्या, "नवरी नवी आहे तोवर दाखवून घे सगळं."

आमच्या नातीचं बालपण याच खेळावर गेलं. पहिल्या जोडीला ती पोटवाली म्हणायची आणि दुसरीला कंबरवाली. "आजी, तू कोण?" असं विचारायची. मी सांगायचे, पूर्वी कंबरवाली होते, सारखी घसरायचे. आता पोटवाली झालेय आणि बघ कशी रुळावर आहे.

तर ती नात आता बालमानसशास्त्रात पीएचडी करते. लहान मुलं एखाद्या गोष्टीचं कारण कसं शोधतात, हा तिचा विषय. आणि प्रयोगाला तिने निवडलं काय, तर आजोबांचे पेले! स्टीलऐवजी रंगीत कागदी कप, पडद्याच्या दांड्यांऐवजी गुळगुळीत लाकडी पट्ट्या. चार वर्षांच्या मुलासमोर दोन्ही जोड्या ठेवायच्या आणि सोडण्याआधी विचारायचं: कुठली खालपर्यंत जाईल? मूल बोट दाखवेल. मग सोडून दाखवायचं, आणि वेगळ्या आकाराचे कप घेऊन परत विचारायचं. चार वर्षांच्या पोराला आकार बघून चाल ओळखता येते का, एवढाच प्रश्न. ऐकायला सोपा.

भांडुपच्या एका बालवाडीत परवानगी मिळाली. दाखवायला कोणीतरी मायाळू, मुलांना परकं न वाटणारं माणूस हवं होतं. मी दोन्ही हात वर केले. माझे गुडघे दुखायचे त्या दिवशी बालवाडीच्या बाई माझ्या जागी बसायच्या. त्यांचं निम्मं लक्ष शेगडीवरच्या खिचडीकडे. मी मात्र जीव ओतून काम करायचे. नात मागे कॅमेरा लावून बसायची.

निकाल असे यायला लागले की विचारू नका. पोरं धडाधड पोटवालीकडे बोट दाखवत होती. नवे आकार दिले तरी बरोबर. तिच्या गाईड मॅडम खूश, नात खूश, पुण्याच्या परिषदेत भाषण मंजूर झालं. तिचं पहिलं भाषण. दोन वर्षं ती त्या बालवाडीच्या सतरंजीवर बसली होती, त्याचं चीज होणार होतं. मी तिला साडी काढून ठेवली होती. ती म्हणाली, "आजी, मी कुर्ता घालणार, यार." मी म्हटलं, घाल बाई, पण इस्त्री करून.

भाषणाच्या आधीच्या आठवड्यात तिने मला एक काम लावलं. व्हिडिओ बघायचे आणि मूल कुठे बोट दाखवतं त्याच्या खुणा करायच्या. तिने स्वतः त्या केल्याच होत्या, पण दुसऱ्या माणसाच्या खुणा जुळल्या म्हणजे पक्कं. दुपारी जेवणं झाली की मी तिच्या लॅपटॉपसमोर बसायचे.

पहिल्या दिवशी मी स्वतःलाच बघत होते, हे खरं सांगते. केस बरे दिसतात, आवाज जरा चिरका येतो, असं. दुसऱ्या दिवशी दोन शेंड्या घातलेली एक मुलगी आली. तिने दोन्ही जोड्या बघितल्या. बोट उचललं, कंबरवालीकडे नेलं. मग थांबली आणि वर बघितलं. माझ्याकडे. आणि पडद्यावरची माझी डावी भुवई अलगद वर गेली. पोरीने बोट वळवलं आणि पोटवालीवर ठेवलं. पडद्यावरची मी आनंदाने टाळी वाजवली.

व्हिडिओ मागे घेतला. परत बघितला. वाटलं, एखादीच असेल अशी चतुर. पुढचा लावला. तो पोरगा तर कपांकडे बघतच नव्हता. त्याचे डोळे माझ्या तोंडावर चिकटलेले, बोट हवेत फिरतंय, आणि बोट चुकीच्या बाजूला गेलं की माझ्या कपाळावर आठी, बरोबर बाजूला आलं की गालात हसू. वर्गात वर्षानुवर्षं उभी राहून ही सवय लागली असणार. विद्यार्थी फळ्याशी अडला की माझं तोंड आधी गणित सोडवायचं.

म्हणजे पोरं आकार वाचत नव्हती. आजी वाचत होती.

मी लॅपटॉप मिटला. आता खोटं कशाला सांगू, मनात काय काय आलं! खुणा तर खऱ्याच आहेत, बोट पोटवालीवरच आहे, मला तेवढंच विचारलंय. कोणाला कळणार? लॅपटॉपवर चहा सांडला तर, असंही आलं. मी त्याच्याकडे आणि कपाकडे आळीपाळीने बघितलंसुद्धा. कुर्त्याला इस्त्री झालेली होती, समोर दाराला टांगला होता.

मग मी उठून तिच्या खोलीत गेले.

"ऐक, तुला एक दाखवायचंय."

"आजी, नंतर ना. स्लाइड करतेय."

"स्लाइडच्या आधीच बघ."

ती आली. मी शेंड्यावालीचा व्हिडिओ लावला आणि कपांवर हात धरला, म्हणजे फक्त पोरीचे डोळे आणि माझं तोंड दिसावं. ती बघत राहिली.

"परत लाव."

लावला.

"दुसरा."

दुसरा लावला. आजोबा पेपर बाजूला ठेवून आले. "काय झालं गं?"

"माझी भुवई," मी म्हटलं.

"तिला काय झालं?"

"ती उत्तर सांगते."

"आत्ता कळलं तुला? मला मुलगी बघायला आलो तेव्हाच कळलं होतं. मी दुसऱ्यांदा पोहे मागितले तेव्हा अशी वर गेली होती."

कोणी हसलं नाही. नात पडद्याकडे बघत होती. मग तिने मांडी घातली, लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि म्हणाली, "आजी, सोमवार आणि बाकीचे वार."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. ती माझे व्हिडिओ एका बाजूला काढत होती आणि खिचडीवाल्या बाईंचे दुसऱ्या बाजूला. ज्या दिवशी मी नव्हते त्या दिवशी दरी येते का, ते बघत होती. लहानपणी झोपताना ऐकलेली आजीच्या तेलाची गोष्ट तिच्या डोक्यात इतकी नीट बसली होती, की रडायच्या आधी तिला तीच आठवली.

बाईंच्या दिवशी पोरं कुठेही बोट दाखवत होती. कधी पोटवाली, कधी कंबरवाली, एकाने तर कॅमेऱ्याकडे दाखवलं होतं. सगळा शोध माझ्या दिवसांत होता.

मग ती रडली. थोडंसंच. नाक पुसलं आणि फोन उचलला. मी म्हटलं, "अगं, जरा थांब. उद्या कर." ती म्हणाली, "उद्या मी शब्द शोधून ठेवीन, आजी. आत्ताच करते."

तिचं बोलणं मी शेजारी बसून ऐकलं. "मॅडम, मला पुण्याचं भाषण मागे घ्यायचंय... हो, सगळंच... नाही नाही, दाखवणाऱ्याने काही चूक केली नाही. ज्याला उत्तर माहीत आहे त्याचं तोंड मी मुलांसमोर ठेवलं. प्रयोग मी मांडला होता."

आता तो भाग सांगते, जो आमच्याकडे चहाबरोबर वाढला जात नाही. कारण मी तो कोणाला सांगितलाच नव्हता. सरांनी तेलाचा ठिपका ठेवून दरी दाखवली, तेव्हा मी काय म्हटलं होतं? मी म्हटलं होतं, "सर, चिमटा सैल आहे." एवढा मोठा कोट घालून, एवढी मोठी वेणी मिरवत, त्या बिचाऱ्या चिमट्यावर ढकलून मोकळी झाले.  सरांनी चिमटा उचलला, एक वडी अलगद धरून दाखवली आणि परत जागेवर ठेवला.

आणि इथे ही पोरगी. समोर आजी बसलेली, आयता चिमटा. तिने तो उचललासुद्धा नाही.

मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावली. यांनी मागून येऊन विचारलं, "रडतेस की काय?" मी म्हटलं, "छे. छाती फुगलीय, ब्लाउज घट्ट होतोय." खरं तेच होतं. माझ्या पीएचडीचा निकाल लागला तेव्हासुद्धा मला इतका माज चढला नव्हता.

पुढे यांनी कामाला हात घातला. प्लायवूडचा एक पडदा केला, बाहुल्यांच्या खेळासारखा. मागे बसणाऱ्याचे फक्त दोन हात भोकांतून पुढे येतात. तोंड, कपाळ, भुवया सगळं आत. भोकांच्या कडा यांनी स्वतः घासून गुळगुळीत केल्या, हात खरवडू नयेत म्हणून. नवी मुलं, नवे कप, सगळं पहिल्यापासून. मला सुरुवातीला बालवाडीच्या फाटकातसुद्धा उभं करत नव्हते. मी महिनाभर तोंड पाडून बसले, तेव्हा कुठे नातीने मला हातांची नोकरी दिली. अट एकच, आवाज काढायचा नाही.

पहिल्याच आठवड्यात, जिने मला आधी पाहिलं होतं ती शेंड्यावाली आली. तिचं नाव नव्या मुलांत नव्हतं, ती आपली अशीच घुसली होती. पडद्याला वळसा घालून तिने मागे डोकावलं.

"आजी, तू आतमध्ये काय करते?"

मी अट आठवून पुढचे कप उचलले.

"बाहेर ये ना. तोंड दाखव ना गं. मला उत्तर पाहिजे!"

नातीने समोरून कॅमेऱ्यामागे तोंडात ओढणी कोंबली होती, हसू आवरायला.

नवा निकाल लहान निघाला. नुसतं बघून पोरांना ओळखता येत नाही. पण ज्यांना आधी एकदा कप हातात घेऊन स्वतः गडगडवायला मिळाले, त्यांतली बरीचशी पुढच्या वेळी अंदाज बांधू लागली. पहिल्या निकालाइतका झकास नाही. त्यावर कोणी पेढे वाटत नाही. पण बाईंनी हात घातले काय, मी घातले काय, तो तसाच येत होता. सोमवारी आणि बाकीच्या वारी.

पुणं गेलं ते गेलंच. पण तिच्या विभागात तिचं भाषण ठेवलं. मला आणि यांना तिसऱ्या रांगेत बसवलं. मी तिच्यासाठी काढलेली साडी शेवटी मीच नेसले. ती उभी राहिली. कुर्त्याला इस्त्री होती. दिवे मंद झाले आणि पहिल्याच स्लाइडवर माझं तोंड आलं. भिंतभर. डावी भुवई वर गेलेली, आणि तिच्याभोवती लाल वर्तुळ.

"माझ्या पहिल्या दोन वर्षांचा निकाल हा आहे," ती म्हणाली.

सभागृह हसलं. मग तिने सगळं सांगितलं. काय दिसलं, का दिसलं, ते कसं पकडलं, आणि पडदा लावल्यावर काय उरलं. हसणं हळूहळू थांबलं आणि लोक लिहून घ्यायला लागले. मागच्या रांगेतल्या एका मुलीने शेजारणीला विचारलं, "ती फोटोतली बाई हीच का गं?" मी मान वळवून तिला भुवई उडवून दाखवली. पंचवीस वर्षांची असताना माझी फार इच्छा होती, की आलेखातल्या एखाद्या दरीला माझं नाव लागावं. ते राहिलं. पण माझ्या कपाळाला मात्र भर सभेत लाल वर्तुळ मिळालं, आणि सांगते, मिरवण्यात मला जराही कमीपणा वाटला नाही. यांनी हळूच माझा हात दाबला. म्हणाले, "ताठ बैस. तुझ्याबद्दल बोलतायत."

भाषण संपल्यावर बाहेर चहा होता. लोक तिच्याभोवती होते, मॅडम तिच्या पाठीवर हात ठेवून कोणाशी तरी तिची ओळख करून देत होत्या. मी एका कडेला बिस्कीट बुडवत उभी राहिले. गर्दी जरा ओसरली तशी ती माझ्याकडे आली. मला वाटलं, माफी मागेल, भिंतभर तोंड दाखवलं म्हणून. मी काय उत्तर द्यायचं तेही ठरवून ठेवलं होतं. तिने माझ्या बशीतलं उरलेलं बिस्कीट उचललं, तोंडात टाकलं आणि म्हणाली,

"आजी, जूनपासून नवी बालवाडी आहे, घाटकोपरला. तू येतेयस. तोंड पडद्यामागे ठेवायचं, आणि डोक्याला तेल खुशाल लाव, त्याने मुलांना काही फरक पडत नाही, मी तपासलंय."